पाठमोऱ्यांची दोसिंदा

दोसिंदाला बसलेलं पाहिल्याचं पोर्तोब्रेआ गावात कुणालाच आठवत नाही. ती जेवायचीसुद्धा उभ्यानं, एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक चुलीवर ठेवून. जत्रेच्या दिवशी तिचा ऑक्टोपसचा ठेला चर्चच्या पायरीला लागून असायचा. तांब्याचं भलंथोरलं तपेलं, खाली भडकलेला जाळ आणि हातात मोठी कात्री. ऑक्टोपस आधी तीनदा उकळत्या पाण्यात बुडवून काढायचा, त्याला 'भिववणं' म्हणतात, मग शिजला की आकडा घालून बाहेर उचलायचा, कचाकच कापून लाकडी ताटलीत पाडायचा, वर खडेमीठ, लाल तिखट आणि तेलाची धार. गिऱ्हाईक नसलं तरी कात्री हवेत चालूच.

"हवा किती कापलीस गं आज?" एलादिओ विचारायचा.

"तुझ्या जिभेपर्यंत पोचायचंय अजून," ती म्हणायची.

एलादिओ निवृत्त पोस्टमन. दोसिंदाच्या मंडळात झानफोना वाजवायचा. झानफोना म्हणजे मांडीवर घेऊन दांडी फिरवायची, आत चाक तारांवर घासतं, आणि सर्दी झालेल्या मधमाश्यांचं पोळं बोलावं तसा आवाज निघतो. पाऊस आला की तो बिघडतो, आणि या खोऱ्यात पाऊस कधी येत नाही ते सांगा. बाकी मंडळात पाच-सहा बाया, प्रत्येकीच्या हातात खंजिरी. मंडळाचं नाव 'लांब जीभ'. आणि गाणी? सातशे वर्षांपूर्वी याच मुलखात, आपल्याच भाषेत रचलेल्या शिव्या. हो, शिव्याच. भाटांनी सरदारांना घातलेल्या, सरदारांनी भाटांना घातलेल्या, आणि दोघांनी मिळून ढेरपोट्या मठाधिपतींना घातलेल्या. पण नीट यमकात, मापात, धृपद लावून.

या शिव्या दोसिंदाला सापडल्या कुठे, तर परदेशात. विशीत ती खोऱ्यातल्या अर्ध्या पोरींसारखी स्वित्झर्लंडला गेली होती, बाझल गावातल्या एका इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी उकळायला. एका रविवारी संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाली आणि थंडी वाजली म्हणून एका चर्चमध्ये शिरली. आत कार्यक्रम चाललेला. मेणबत्त्या लावलेल्या, लांब झगे घातलेले गोरेगोमटे गायक हात जोडल्यासारखे उभे, आणि समोर फरच्या कोटांतली मंडळी डोळे मिटून बसलेली. प्राचीन संगीत म्हणे. दोसिंदा खांबाला टेकली आणि शब्द कानावर पडले. शब्द तिचेच होते. तिच्या आईचे, तिच्या आजीचे, जरा जुनाट वळणाचे इतकंच. गाण्यात कुणी भाट एका म्हाताऱ्या सरदाराला विचारत होता, की लढाईत तू घोड्याच्या कोणत्या बाजूनं पळालास, तोंडाच्या की शेपटीच्या. आणि पुढच्या कडव्यात घोड्यानंच उत्तर दिलं होतं. ते उत्तर इथे लिहिता येत नाही.

दोसिंदा फिस्सकन हसली. मग खांब धरून हसली. मग पोट धरून. सगळं चर्च वळून बघायला लागलं, एका बाईनं ओठांवर बोट ठेवलं, दाराशी उभा असलेला माणूस येऊन तिच्या कोपराला धरून तिला बाहेर घेऊन गेला. बाहेर बर्फात उभी राहून ती आपल्या भाषेत ओरडली, "अरे गाढवांनो, तो शिव्या देतोय! प्रार्थना नाही ती!"

चादरी उकळायला दुसऱ्या दिवशी ती गेली, पण डोकं ताळ्यावर नव्हतं. आपल्या शिव्या लोकांनी मेणबत्त्या लावून गाव्यात आणि आपण मात्र शाळेत आपली बोली बोललो म्हणून छड्या खाव्यात, हे तिच्या टाळक्यात बसेना. वाचायला ती अशीतशीच शिकलेली. पण त्या दिवसापासून जिथं जिथं जुन्या गाण्यांचं पुस्तक दिसेल तिथं ती उभ्याउभ्या वाचायची, दुकानदार हाकलीपर्यंत. शब्द सापडले, चाली सापडल्या नाहीत, कारण शिव्यांच्या चाली कुणी लिहून ठेवल्याच नव्हत्या. मग तिनं आईच्या खंजिरीच्या चाली त्या शब्दांना लावल्या. शब्द असे बसले की जणू वाट बघत होते.

पण ती गावी परतली ती नुसती गाण्यांसाठी नव्हे. परतायला आणखी एक कारण होतं, आणि ते तिच्या आडनावापेक्षा मोठं होतं.

पोर्तोब्रेआत मे महिन्याच्या पहिल्या तारखेला चौकात मायो उभा करायचे. नेचे, बडीशेपेच्या जुड्या, रानातली पिवळी फुलं, अंड्यांची टरफलं आणि संत्री लावून केलेला माणसाहून उंच हिरवा शंकू. त्याच्याभोवती फिरत, काठ्या आपटत गावकरी कडवी म्हणायचे. कुणाच्या नावानं, तर गावात ज्यानं ज्यानं वर्षभरात लाज सोडली त्याच्या. मुख्य नियम एकच. ज्याचं नाव निघेल त्यानं मायोसमोर यायचं, गाणाऱ्यांकडे तोंड करून कडवं संपेपर्यंत ऐकायचं. जमलं तर कडव्यानंच उत्तर द्यायचं, आणि मग पांढऱ्या वाटीतून गाणाऱ्यांबरोबर वाइन प्यायची. झालं, भांडण मिटलं. पण कुणी पाठ फिरवली, तर पोरं तिथल्या तिथे मायो पाडायची. आणि ज्यानं पाठ फिरवली त्याच्या घरच्या माणसानं पहिला नेचा लावल्याखेरीज मायो पुन्हा उभा राहायचा नाही.

दोसिंदाचा बाप रामिरो गुत्ता चालवायचा. ती नऊ-दहा वर्षांची असताना त्याच्यावर कडवं झालं, की रामिरोच्या पिंपात भर उन्हाळ्यात पाऊस पडतो. सगळं गाव हसलं. रामिरो तापट माणूस. त्यानं ऐकलं अर्धं, थुंकला, आणि पाठ फिरवून चालता झाला. पोरांनी मायो ओढून पाडला. संत्री उतारावरून गडगडत पार नदीपर्यंत गेली. एक संत्रं दोसिंदानं पळत जाऊन पकडलं होतं आणि ते ती खाऊ शकली नव्हती.

मायो परत उभा राहिला नाही. रामिरो नेचा लावेना, दोसिंदाचा भाऊ कामिलो बापापुढे तोंड उघडेना. तेव्हा देशात हुकूमशहाचे दिवस, सरकारला शिव्यांवर बंदी घालायचीच होती, ती फुकटात मिळाली. घराण्याला मात्र नाव पडलं. पाठमोरे. पाठमोऱ्यांची दोसिंदा, पाठमोऱ्यांचा कामिलो. पाव आणायला गेलं तरी, "कुणाच्या खात्यावर? पाठमोऱ्यांच्या?"

बाप गेल्यावर ती बाझलहून आली ती बॅग घरात न टेकवता रानात गेली, नेच्याची जुडी तोडली, आणि चौकात कामिलोनं आणि एलादिओनं उभ्या केलेल्या सांगाड्याला पहिला नेचा तिनं लावला. त्या दिवशी तिनं सातशे वर्षांपूर्वीची शिवी गायली. म्हाताऱ्या बाया रुमालानं डोळे पुसत हसल्या. तेव्हापासून पंचवीस-तीस वर्षं मायो तिचा. आणि तिथंच कुठेतरी घोटाळा झाला, पण तो तिला दिसला नाही.

गेल्या एप्रिलच्या जत्रेत ब्राइस ठेल्यावर आला. ब्राइस नगरसेवक, संस्कृती खातं त्याच्याकडे. वय पस्तीस, बूट चकचकीत.

"एक ताटली दे मावशी, तिखट कमी."

"तिखट कमी खाणाऱ्याला निवडून कुणी दिलं रे?" दोसिंदानं कात्री चालवली. "बोल. तू ऑक्टोपस खायला येत नाहीस, तुला त्याचे पाय बघून भीती वाटते. लहानपणी माझ्याच परकराआड लपायचास."

"यंदाच्या मायोचं बोलायचंय. शहरातलं एक पथक आहे, मध्ययुगीन खेळ करतं. घोडेस्वार, मशाली, मोठे लाउडस्पीकर. त्यांच्याकडे ससाणा आहे."

"माझ्याकडे तू आहेस."

"मावशी, हसण्यावारी नेऊ नकोस. गेल्या साली चौकात किती माणसं होती? कबुतरं धरून सांग."

दोसिंदानं तपेल्यात आकडा घातला, काढला, परत घातला.

"लोक का येत नाहीत सांगू? तू टाळी वाजवणाऱ्याला गप्प बसवतेस. आउरेआ आजीला तू चौकातून घालवलंस."

"तिनं कडव्याच्या मध्येच टाळी वाजवली!"

"ती ऐंशीची आहे."

"मग ऐंशी वर्षांत शिकायला नको?"

ब्राइसनं ताटली अर्धी टाकली. "यंदा चौक तुझा. भरला तर पुढंही तुझा, मी लिहून देतो. नाही भरला, किंवा मायो पडला, तर पुढच्या वर्षीपासून पहिली तारीख पथकाची. मायो आपण कोपऱ्यात उभा करू, शोभेला. फोटो चांगले येतात."

"शोभेला!" ती त्याच्या पाठीमागून ओरडली. "तुझा बाप शोभेला!" मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं निमूटपणे तिखट जास्त मागितलं.

तालमी वाइन सोसायटीच्या गोदामात व्हायच्या, पिंपांच्या मध्ये. त्या आठवड्यात दोसिंदा येरझाऱ्या घालत सगळं सांगून मोकळी झाली, आणि तिला वाटलं, आता सगळ्याजणी ब्राइसच्या नावानं खडे फोडतील. कुणीच फोडले नाहीत. इरिया खंजिरीच्या चकत्या बोटानं मोजल्यासारखी हलवत बसली होती. इरिया कामिलोची मुलगी, औषधाच्या दुकानात कामाला, मंडळातला सगळ्यात खणखणीत आवाज. आणि आत्याच्या तोंडावर बोलण्याची हिंमत असलेली एकटीच.

"आत्या, ब्राइस गाढव आहे, पण खोटं बोलला नाही."

"म्हणजे?"

"आपण गातो ते लोकांना लागत नाही. ज्या सरदाराला आपण शिव्या देतो तो मरून सातशे वर्षं झाली. त्याचा घोडाही मेला. कुणाला झोंबणार?"

"मला बाझलमध्ये नाही कळलं लगेच? खांब धरून हसले मी!"

"हसलीस. आणि आता कुणी हसलं की तूच त्याला डोळे वटारतेस. यंदा नवी कडवी करू. गावातल्या माणसांवर. नावं घेऊन. मायो त्यासाठीच आहे ना?"

"तुम्ही रचणार? पोस्टमननं आणि औषधवालीनं रचलेलं मी त्या शब्दांशेजारी ठेवू? ते शब्द टिकलेत गं सातशे वर्षं!"

"मायो टिकतो का आत्या? दुसऱ्या दिवशी सुकतो. म्हणून तर दर वर्षी करतो आपण."

दोसिंदानं एका पिंपाला लाथ घातली. पिंप भरलेलं होतं, त्यामुळे पायच दुखला. बायांनी हात वर करून मत दिलं. सगळ्यांचे हात वर, एलादिओनं तर दांडी फिरवायचा हात वर केला आणि झानफोना मध्येच कण्हून थांबला.

"बरं," दोसिंदा म्हणाली. "चाली जुन्याच. आणि प्रत्येक कडवं आधी मला दाखवायचं."

इरियानं मान हलवली. "नाही दाखवणार."

"का?"

"ज्याच्यावर कडवं, त्याला आधी दाखवायचं नाही. नियम कुणाचा? दर वर्षी चौकात मोठ्यानं कोण सांगतं?"

गोदामात एकाएकी सगळ्यांना खूप कामं निघाली. एक बाई खंजिरीची कातडी गरम करायला दिव्याकडे गेली, दुसरी चपलेचा पट्टा बघायला लागली. एलादिओ खाली मान घालून तारेला कापूस गुंडाळत राहिला, त्या तारेला आधीच एवढा कापूस होता की तिला स्वेटर घातल्यासारखं दिसत होतं.

दोसिंदाला कळलं.

त्यानंतरचे दिवस तिनं सगळ्यांचे हाल केले. एलादिओला बेकरीच्या रांगेत गाठलं.

"काय लिहिलंय?"

"कुणी?"

"एलादिओ, तुझा झानफोना मी तपेल्यात उकळीन."

"उकळ. तसाही ओलाच असतो."

मग वहिनीला धरलं. एर्मिनिया, कामिलोची बायको, इरियाची आई, पंचवीस वर्षं दोसिंदाबरोबर तपेल्यावर उभी राहिलेली बाई. दोघी नदीकाठच्या नळावर ऑक्टोपस चोळून धूत होत्या.

"वहिनी, तुझ्या पोरीनं काय रचलंय?"

"मला काय विचारतेस, मला ऐकू येत नाही."

"कालपर्यंत येत होतं."

"काल तू विचारलं नव्हतंस."

दोसिंदानं ऑक्टोपस दगडावर असा आपटला की समोरच्या काठावरचा बगळा उडाला. "माझं काय चुकलंय असं? वाइनमध्ये पाणी घालते मी? ऑक्टोपस शिळा देते? आयुष्य घातलं त्या गाण्यांत!"

"तेच तर," एर्मिनिया म्हणाली, आणि मग परत बहिरी झाली.

उत्तर तयार ठेवावं, असं दोसिंदानं ठरवलं. कडव्याला कडवं. व्हॅन चालवताना ती ओठ हलवायची. जुनी तीनशे कडवी तिला तोंडपाठ, मागून पुढून येत होती. पण स्वतःची एक ओळ म्हणून जुळेना. जी ओळ सुचायची ती तिसऱ्या शब्दाला ओळखीची निघायची, कुठल्यातरी मेलेल्या भाटाची. दोनदा तिनं वळण चुकवलं. एकदा हमरस्त्यावरच्या नव्या गोल चौकात ती फिरतच राहिली, बाहेर पडायचा रस्ता कुठला हे विसरून, आणि मागच्या ट्रकवाल्यानं तिला अशी शिवी हासडली की तिला हेवा वाटला. किती सहज दिली मेल्यानं.

तीस तारखेला सकाळी एर्मिनिया अंगणात आली तर दोसिंदा व्हॅनमध्ये तपेलं चढवत होती. लाकडं भरलेली, ताटल्यांची चळत बांधलेली.

"कुठली जत्रा गं?"

"वरच्या खोऱ्यात. उद्याची."

"मे महिन्याच्या पहिल्या तारखेला वरच्या खोऱ्यात जत्रा कधीपासून भरायला लागली?"

दोसिंदा तपेल्याच्या कडेला धरून उभी राहिली. कात्री कमरेला लटकत होती, तिच्यावर तिचा अंगठा चालूच होता.

"आपल्या घरात परत एकदा कुणी पाठ फिरवली," एर्मिनिया म्हणाली, "तर पुन्हा नेचा कोण लावणार? माझी पोरगी? तिला तरी कशाला तो जाच." आणि तिनं तपेल्याचा दुसरा कान धरला. दोघींनी मिळून ते खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौक भरला. भरला म्हणजे किती, तर चर्चच्या पायऱ्यांवर, कमानींखाली, कारंज्याच्या कठड्यावर माणसंच माणसं. आजूबाजूच्या वाड्यांवरूनही आली होती. बातमी फुटली होती ना. दोसिंदावर कडवं आहे! पाठमोऱ्यांच्या दोसिंदावर! ती थांबते की बापासारखी जाते हे बघायला लोक खुर्च्या घेऊन आले होते. आउरेआ आजी पहिल्या रांगेत, मांडीवर शाल. दोसिंदा तिच्याकडे न बघता दोनदा समोरून गेली.

पाऊस भुरभुरत होता. एलादिओनं झानफोना छत्रीखाली घेतला. मायो हिरवागार, पिवळी फुलं टिपटिप गळणारी, संत्री ओली चकचकीत. दोसिंदानं दर वर्षीसारखा नियम मोठ्यानं सांगितला. आवाज तिचा नेहमीचाच होता, फक्त 'पाठ' या शब्दाला तो जरा घासला.

पहिलं कडवं ब्राइसवर. काठ्या दगडांवर आपटल्या, इरियानं सुरुवात केली:

*ब्राइसने बांधला गोल चौक, मधोमध दगडी घोडा,*
*प्रसूतिगृहाला लागलं कुलूप, म्हणे चक्कर मारा थोडा;*
*बाळंतीण फिरते गोल गोल, कळ येते, कळ जाते,*
*घोड्यालाच विचारा आता, सुईण कुठे राहते!*

चौक फुटला हसून. प्रसूतिगृह बंद झाल्यापासून गावातल्या बायांना तासभर गाडीतून शहरात जावं लागत होतं, आणि त्यावर नगरपालिकेत कुणी चकार शब्द काढला नव्हता. ब्राइस मायोसमोर उभा राहिला, हसला. त्याचे कान मात्र हसले नाहीत, लालेलाल झाले. पण थांबला, वाटी घेतली, प्यायला. टाळ्या पडल्या. दोसिंदानं सवयीनं हात वर केला गप्प करायला, आणि तसाच खाली घेतला.

मग इरियानं तिच्याकडे बघितलं. "पाठमोऱ्यांच्या दोसिंदानं पुढं यावं."

ठेल्यापासून मायोपर्यंत दहा-बारा पावलं असतील. ती गेली. हात एप्रनमध्ये खुपसले, कारण ते कुठे ठेवायचे हे तिला सुचेना. सगळ्या खंजिऱ्या एकदम वाजल्या.

*दोसिंदाच्या तपेल्यात बाई ऑक्टोपस तीनदा भितो,*
*तिच्या गाण्याला आलेला माणूस पहिल्या ओळीत मरतो;*
*टाळी वाजली, डोळे वटारी, हसू फुटलं की गप्प,*
*पाद्रीबाबा बरे बाई, त्यांचा सोपा जप!*

हशा असा आला की कबुतरं उडाली. दोसिंदाचे पाय जागच्या जागी हलायला लागले. खोटं आहे हे, असं ती ओरडणार होती, तोवर दुसरं कडवं आलं:

*सातशे वर्षांची शिवी बाई तिने ठेवली कपाटात,*
*मेणबत्ती लावी, धूळ झटकी, देईना कुणाच्या हातात;*
*शिवी म्हणते, 'बये, मला बाजारात तरी ने,*
*एखाद्याला लागू दे गं, कसर लागली इथे!'*

मेणबत्ती. हा शब्द तिला लागला. बाझलची थंडी तिला एकदम आठवली, फरचे कोट, मिटलेले डोळे, ओठांवर बोट ठेवलेली ती बाई. त्या बाईचा चेहरा तिला कधी नीट आठवला नव्हता. आता आठवला, आणि तो तिचा स्वतःचाच होता. डोक्यात रक्त असं चढलं की कानात झानफोना वाजतोय की आपलंच काही, कळेना. जावं. आत्ता जावं. पाय उजवीकडे वळलेसुद्धा होते.

आणि तेवढ्यात ठेल्यावरून एर्मिनिया ओरडली, "दोसिंदा! तपेलं उतू चाललंय! ऑक्टोपसचा लगदा होतोय, ये लवकर!"

लोकांनी वळून बघितलं. फेस खरंच कडेवरून सांडत होता, जाळ फुसफुसत होता. पण पंचवीस वर्षांत एर्मिनियानं तपेल्यासाठी कधी कुणाला हाक मारली नव्हती. तिच्या एका हातात आकडा होता, दुसऱ्यात फडका, आणि ती जाळाला हात लावत नव्हती. ती हाक ऑक्टोपससाठी नव्हती. ती नणंदेला दिलेली वाट होती. चूल पेटलेली, माल वाया जातोय, कोण नावं ठेवणार? जा, बाई, जा.

दोसिंदानं वहिनीकडे नजर टाकली. इरियानंही. आईनं काय केलंय ते पोरीला कळलं होतं. तिनं ओठ चावला, पण थांबली नाही. तिसरं कडवं तिनं जरा हळू आवाजात सुरू केलं, आणि चौक चिडीचूप झाला, कारण हे नाव मायोखाली पन्नास वर्षांत कुणी घेतलं नव्हतं:

*रामिरोने पाठ फिरवली, मायो पडला खाली,*
*लेक म्हणते उभा केला, पाठ कुठे गेली?*
*पाठ आहे, पाठ आहे, एप्रनच्या खाली,*
*आज बघू गावकऱ्यांनो, कुणाकडे वळाली!*

रामिरो इरियाचाही आजोबा होता. पोरीचा आवाज शेवटच्या ओळीत फाटला.

दोसिंदाला उभं राहवेना. हे तिच्यानं होणाऱ्यातलं नव्हतंच. पाय, हात, मान, सगळं पळायला निघालं होतं, आणि तपेलं खरोखर उतू जात होतं. तिनं एक पाऊल टाकलं. मागे. मग दुसरं. तोंड इरियाकडे, डोळे इरियाच्या डोळ्यांत, आणि टाचा चाचपडत मागे मागे. गर्दी फाटली. कुणीतरी खुर्ची ओढली. तिचा पाय कारंज्याच्या कडेला अडखळला, ती डुगडुगली, पण वळली नाही.

"हे चालतं का?" ब्राइस कुणाला तरी विचारत होता. "उभं राहायचं असतं ना?"

"तोंड इकडंच आहे!" आउरेआ आजी काठी आपटून ओरडली. "नियम पाठीचा आहे, पायांचा नाही! चालू दे तिला!"

दोसिंदाची पाठ तपेल्याच्या उबेला टेकली. न वळता तिनं मागे हात नेला, एर्मिनियाच्या हातातून आकडा हिसकला, अंदाजानं घातला आणि ऑक्टोपस बाहेर काढला. लगदा झाला नव्हता. थोडा जास्त शिजला होता, इतकंच. मग कमरेची कात्री काढून तिनं तांब्याच्या कडेवर ठण ठण ठण असा ठेका धरला. एलादिओ दचकला, आणि दांडी फिरवायला लागला. उत्तर द्यायचा हक्क तिचा होता. तीनशे कडवी घशाशी आली, सगळी मेलेल्यांची. तिनं ती सगळी गिळली.

*"पाठ माझी बापाची नि तोंड माझ्या आईचं,"* ती गायली. आवाज भेसूर, चाल वाकडी. *"पाठ शेकतेय चुलीपाशी, तोंड... तोंड..."*

पुढचा शब्द येईना. ठण ठण ठण. कात्री वाजतेय, झानफोना कण्हतोय, चौक श्वास रोखून उभा, आणि ती नुसतीच तोंड उघडून.

"घाईचं!" आउरेआ आजी किंचाळली, आणि कडव्याच्या ऐन मध्ये, चुकीच्या जागी, तिनं टाळी वाजवली.

*"तोंड मोठ्या घाईचं!"* सगळा चौक ओरडला, आणि जी टाळ्यांची सर कोसळली ती पुढच्या दोन ओळींना जागाच देईना. तशाही त्या ओळी नव्हत्याच. चौथीतल्या पोरानं रचावं असलं ते कडवं, तेही अर्धं, त्यातला यमकाचा शब्द दुसरीचा. सातशे वर्षं सोडा, सात मिनिटं टिकायच्या लायकीचं नव्हतं ते.

इरिया वाटी घेऊन आली. दोसिंदानं वाटी तिच्या हातातून घेतली, एका घोटात रिकामी केली, आणि एप्रननं तोंड पुसताना डोळेही पुसले.

"तिसऱ्या कडव्यात ठेका सोडलास," ती म्हणाली.

"आत्या..."

"सोडलास. उद्या तालीम." मग ती पहिल्या रांगेकडे वळून ओरडली, "आणि ए आउरेआ! 'घाईचं' मी म्हणणारच होते!"

"मग म्हणायचंस ना लवकर!"

दोसिंदानं एक ताटली ओढली, जास्त शिजलेला ऑक्टोपस कचाकचा कापला, मीठ टाकलं, तिखट हात सैल सोडून टाकलं, आणि ती ताटली म्हातारीच्या मांडीवरच्या शालीवर नेऊन आदळली. मग तशीच उलटी वळून चुलीत दोन लाकडं सारली. रांग लागली होती. ब्राइसही होता तिच्यात.

"तिखट कमी?" तिनं विचारलं.

"असू दे तिखट, मावशी," तो म्हणाला.